येवल्यात हयात, अमेरिकेत मयत

९ ऑक्टोबर २००६

शेठनी आज ऑफिसात डायऱ्या वाटल्या. पाण्याचे पंप करणाऱ्या कुठल्याशा कंपनीच्या, याच वर्षाच्या. वर्षाचे नऊ महिने उलटून गेल्यावर डायरी वाटणारा माणूस नाशिकच्या अख्ख्या अंबड एमआयडीसीत एकच, आमचा सावळीरामशेठ. जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत, म्हणजे छापील तारखा खोडून मला पुढचं वर्षही काढता येईल. शेठला हे कळलं तर तो म्हणेल, मुद्दामच दिली होती.

ऑफिस म्हणजे खाली लेथचा कारखाना आणि वर आम्ही. दिवसभर पायाखालची फरशी थरथरते. शेठच्या घरचा धंदा फुलांचा. झेंडू, गुलछडी विकता विकता याला इंटरनेटवर पैठणी विकायची हुक्की आली आणि 'रेशीमवाट' नावाची वेबसाइट निघाली. ती मी चालवतो. सर्व्हरला शेठ 'डबा' म्हणतो. सकाळी आला की पहिला प्रश्न, "डबा चालूय ना?" त्याची सून हर्षाली इंग्रजी मजकूर लिहिते. तिच्या इंग्रजीत प्रत्येक साडी 'कालातीत' असते, सहा महिन्यांपूर्वी विणलेलीसुद्धा.

नोकरीला लागलो तेव्हा शेठनी विचारलं होतं, येवल्याचा ना तू, मग घरी माग असेल? मी सांगितलं, वडील मास्तर होते, वारले, आता तिकडे कोणी नाही. यातलं वडील वारले एवढं खरं. मागावरच्या घरातला म्हटलं की हे लोक सर्व्हर देत नाहीत, साड्यांच्या घड्या घालायला बसवतात. तीन वर्षं झाली, त्या एका वाक्याने माझं काही बिघडवलेलं नाही.

२३ ऑक्टोबर, येवला

दिवाळीला घरी आलो. घर म्हणजे दादा, वहिनी आणि खड्ड्यातला माग. वडील गेले तेव्हा मी सातवीत होतो. कारभारीदादाने शाळा सोडली आणि मागावर बसला. मैनावहिनी लग्न होऊन आली ती माझ्या दहावीच्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्याला लागली. हे सगळं मला माहीत आहे, तरी दोघं दर दिवाळीला आडून आडून आठवण करून देतातच.

शेठनी ऑफिसचा कॅमेरा दिला होता. मागावर बसलेल्या बाईचा फोटो पाहिजे म्हणाला, पुरुषाच्या फोटोने साडी विकली जात नाही. आता आमच्याकडे विणतो दादा. वहिनी कांड्या भरते. तरी तिला दादाच्या जागेवर बसवलं. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं, नथ घातली, रुपयाएवढं कुंकू लावलं. खोलीत अंधार, म्हणून दादा बाजूला पितळी परात धरून उभा राहिला आणि दारातलं ऊन तिच्या तोंडावर टाकलं. अर्धा तास हात वर. "आलं का रं चांगलं?" असं दहा वेळा विचारलं. एका फोटोत त्याचा हात आणि परात कोपऱ्यात आलीच. सांगूनही मागे सरकला नाही.

संध्याकाळी स्टँडजवळ संतोषच्या कॅफेत गेलो. हा माझ्या वर्गातला. दोनदा नापास होऊन आता पाच कम्प्युटरांचा मालक झालाय. म्हणे नेट सारखं अडकतं. अडकणारच. फोन कंपनीचा जो सर्व्हर साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगतो, तोच निम्मा वेळ झोपलेला. मी पाचही कम्प्युटरांत अमेरिकेतल्या एका फुकट सेवेचा नंबर भरून दिला. आता पत्ते ती सांगणार. पानं फटाफट उघडायला लागली. संतोष तोंड उघडं टाकून बघत राहिला. "भारत, तू लय मोठा झालास रं," म्हणाला. या गावात चार आकडे टाइप केले की माणूस मोठा होतो.

१५ नोव्हेंबर

आज दादा ऑफिसात आला. न कळवता. नाशिकला कसलं रेशीम आणायला आला होता, म्हणून वाट वाकडी करून अंबडला. खांद्याला पिशवी, पिशवीतून शेवग्याच्या शेंगा बाहेर डोकावताहेत, पायात टायरच्या वहाणा. मी, शेठ आणि हर्षाली नवीन पानाचं बघत बसलेलो, आणि दारात हा उभा.

शेठनी विचारलं, कोण? मी म्हणालो, "गावाकडचे ओळखीचे आहेत. विणकर."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग पिशवी टेबलाशी ठेवली आणि म्हणाला, "शेंगा हायेत. येवल्यावरनं आणल्या. येतो मी, भारतसाहेब."

बरं झालं, त्यालाही वेळेवर शहाणपण सुचलं. नाहीतर सगळ्यांसमोर 'आमचा भारत' करत बसला असता. शेंगा मी हर्षालीला देऊन टाकल्या. त्या शिजवायच्या कुठे?

२ डिसेंबर

अमेरिकेतली गिऱ्हाइकं म्हणतात, साइट उघडता उघडता चहा होतो. आमचा डबा अंबडला आणि लाइन एवढीशी बारीक, आणखी काय होणार? चार महिने बोंबलत होतो तेव्हा शेठ ऐकत नव्हता. आता त्याच्या मेव्हण्याने न्यू जर्सीहून तेच सांगितलं आणि शेठला एकदम पटलं. एकच वाक्य समुद्रापलीकडून आलं की त्याला वजन येतं. तिकडे एक मशीन भाड्याने घेतलं.

हर्षालीने पुढचं खूळ काढलं. तिकडच्या लोकांना नुसती साडी नको, साडीमागचा माणूस हवा. गोष्ट हवी. मी म्हटलं, गोष्ट साधी आहे, माणूस विणतो आणि पाठ दुखते. तिला ती आवडली नाही.

६ डिसेंबर

फोटो ठरला, वहिनीचा. पन्नास फोटोंत हर्षालीने नेमका तोच उचलला. "किती बोलका चेहरा! कोण आहे ही?"

मी म्हणालो, आहे एक विणकर. नाव? खोटं नाव सुचायला हवं होतं, सुचलं नाही. 'मैना' म्हणून गेलो. नवरा काय करतो? मी म्हणालो, माहीत नाही, कधी दिसला नाही. हर्षालीचे डोळे चमकले. "नाही का नवरा?" मी खांदे उडवले. एवढंच. मी कुणाला विधवा म्हटलेलं नाही, याची इथे नोंद असावी.

दुपारपर्यंत गोष्ट तयार. पती अकाली वारल्यावर मैनाने डोळे पुसले आणि मागावर बसली, प्रत्येक मोराच्या पिसात तिचं एकेक दुःख विणलंय, वगैरे. वाचून मला तिचं इंग्रजीच जास्त खटकलं, मजकूर कमी.

मग हर्षाली म्हणाली, "भारत, तेवढं कपाळ आणि गळा स्वच्छ करून द्याल? विधवा आहे ना." शेठ म्हणाला, हे जरा जास्ती होतंय. पण सुनेपुढे त्याचं काही चालत नाही.

काम वीस मिनिटांचं. आधी परात आणि हात कापून टाकला. मग मंगळसूत्र, नथ. कुंकू सगळ्यात शेवटी. बाजूची कातडी उचलून लाल जागेवर पसरायची, एवढंच असतं ते. रंगाचे ठिपके आहेत, दुसरं काही नाही. वीस मिनिटांच्या कामाला मला दीड तास लागला, कारण खालचा लेथ आज फारच हादरत होता.

११ डिसेंबर

आता खरं काम. हे पान येवल्यात कुणी उघडलं तर? नाशकात आमच्या गावचे शंभर जण असतील. तेव्हा दोन वेगळी पानं ठेवायची. अंबडच्या डब्यात फक्त साड्या. अमेरिकेच्या मशीनमध्ये साड्या आणि गोष्ट. नाव एकच. शेठला म्हटलं, हे वेगासाठी आहे. ते खोटंही नाही.

पुढे कधी वाचलं तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. वेबसाइटचं नाव टाइप केलं की आधी तिचा पत्ता विचारला जातो. आमच्या साइटचा पत्ता सांगणारा सर्व्हर माझ्या हातात. त्याला दोन उत्तरं शिकवली. विचारणारा भारतातला असेल तर अंबडचा पत्ता, बाहेरचा असेल तर अमेरिकेचा. कोण कुठला हे त्याच्या इंटरनेटच्या नंबरावरून कळतं. भारतातल्या नंबरांची यादी गोळा करायला चार दिवस गेले. शिवाय, दिलेलं उत्तर एक दिवस लक्षात ठेवा, सारखं सारखं विचारू नका, अशी सूचना घातली. अंबडच्या बारीक लाइनवर तेवढाच बोजा कमी.

सिडकोतल्या दोन कॅफेंत जाऊन तपासलं. दोन्हीकडे नुसत्या साड्या. न्यू जर्सीच्या मेव्हण्याला गोष्ट दिसली, आणि तो रडला म्हणे. एका दरवाजातून दोन वाटा काढल्या आणि आत येणाऱ्याला पत्ता नाही. या ऑफिसात याची किंमत कळणारं कोणी नाही. शेठने विचारलं, "म्हणजे डबे दोन झाले?"

१५ जानेवारी २००७

काल संक्रांत. वहिनीने येवल्याच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर डबा पाठवला. तिळाचे लाडू, आणि वेगळ्या कागदात हळदीकुंकवाची पुडी, एक खण आणि छोटी फणी. वर चिठ्ठी, शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेली: 'भाऊजी, तुमच्या हापिसातल्या बाईंना माझं वाण द्या. माझ्याकडं पंचवीस सवाष्णी येऊन गेल्या. ह्यांचा खोकला बरा आहे.'

वाण द्यावं की नाही, कळेना. शेवटी दिलं. ठेवून तरी काय करणार होतो? हर्षालीने पुडी उघडून कुंकू लावलं, खण गालाला लावला. "किती गोड! कुणी दिलं?" मी म्हणालो, गावाकडून आलंय. ती म्हणाली, अशी माणसं आता राहिली नाहीत. मग खुर्ची फिरवून मैनेच्या गोष्टीचा दुसरा भाग लिहायला बसली.

लाडू मी एकट्याने संपवले.

२७ जानेवारी

गोष्ट चालली. साड्या जातायत. शेठ पेढे वाटतो आणि म्हणतो, डब्याने नाव काढलं. डब्याने!

आज अमेरिकेतून मैनेच्या नावाने एक पत्र आलं, कागदावर, हाताने लिहिलेलं. कुणी म्हातारी आहे. तिचाही नवरा गेल्या वर्षी वारला. तुझा फोटो मी स्वयंपाकघरात लावलाय, सकाळी तुला बघते आणि उठते, असं लिहिलंय. हर्षालीने ते मोठ्याने वाचलं आणि नाक ओढलं. या लोकांना रडायला कुणीही चालतं. पत्र माझ्या खणात ठेवलंय. फेकणार होतो, राहून गेलं.

१९ फेब्रुवारी

दुपारी बाराला संतोषचा फोन. आधी हसत होता.

"भारत, तुझा भाऊ कधी वारला रं? आम्हाला कळवलं बी नाय."

मला काही कळेना. मग त्याने सांगितलं. दादा सकाळी अकराच्या सुमारास कॅफेत आला होता. म्हणाला, आमच्या भारताचं काम बघायचंय, दाखव. संतोषने साइट उघडली आणि समोर वहिनी. दादा खूश झाला, म्हणाला, मोठ्याने वाच. संतोषने वाचलं आणि मराठीत सांगितलं. मग त्याचं त्यालाच कळलं आपण काय वाचतोय.

"हसला का तो?" मी विचारलं.

"नाय. खुर्ची वढून जवळ गेला अन् काचंवर तिच्या कपाळाला बोट लावलं. धूळ हाय का म्हणून पुसून पायलं. मग मला म्हणला, भारताला ह्यातलं काय म्हाईत नसंल, कंपनीवाल्यांनी त्याच्यामागं केलं असंल. कळलं की तो नीट करंल म्हणला, अन् उद्या सकाळी वहिनीला घेऊन येतो म्हणलाय."

यावर मी विचारलं, "तुझ्याकडे ते पान दिसलंच कसं?" तो म्हणाला, "लेका, तूच नंबर भरले ना दिवाळीला?"

फोन ठेवला आणि कळलं. शुद्ध गाढवपणा, आणि माझा. कॅफेतला कम्प्युटर माझ्या सर्व्हरला स्वतः काही विचारत नाही. तो आपल्या वतीने दुसऱ्याला विचारायला लावतो, आणि हा दुसरा म्हणजे मीच बसवून दिलेली अमेरिकेतली सेवा. माझ्या सर्व्हरला दारात फक्त अमेरिकन दिसला. त्याच्या मागे येवल्याचा माणूस उभा आहे, हे त्याला दिसायची सोयच नाही. आणि मी सिडकोत तपासत हिंडत होतो.

मग काय केलं, ते खरं लिहितो. अमेरिकेच्या मशीनमधून ते पान काढून टाकणं एका मिनिटाचं काम होतं. पण पान काढलं की हर्षाली विचारणार, का काढलं? ती बाई कोण? म्हणून पान ठेवलं आणि नियम बदलला. त्या फुकट सेवेचे नंबर भारतातल्या नंबरांच्या यादीत घातले. आता येवल्याहून कुणी विचारलं तर अंबडचा पत्ता मिळेल, उद्या वहिनीला नुसत्या साड्या दिसतील, आणि दादाला काहीतरी चुकून दिसलं असं म्हणता येईल.

दादाने मला आधीच निर्दोष ठरवलंय. त्याचं ते म्हणणं टिकवायला हवं.

२० फेब्रुवारी

एक दिवस लक्षात ठेवा, असं मीच सांगून ठेवलं होतं. काल सकाळी अकराला त्या सेवेला मिळालेलं उत्तर आज अकरापर्यंत ती जपून ठेवणार, आणि मी इकडे नियम कितीही बदलले तरी मला विचारायलाही येणार नाही. हे मला कळलं आज सकाळी नऊला, दात घासताना. पान काढून टाकायची वाट अजून होती, पण हर्षालीचे प्रश्नही होतेच.

संतोषला फोन लावला. म्हटलं, अकरा वाजेपर्यंत कॅफे उघडू नकोस. लाइट गेली म्हणून सांग. तो म्हणाला, "आरं, ते दोघं पायरीवर येऊन बसलेत. वहिनीनं नवं पातळ नेसलंय, फोटो बघायला म्हणून."

दादाने तिला सांगितलंच नव्हतं. फक्त म्हणाला होता, चल, तुझा फोटो आलाय.

साडेअकराला संतोषचा पुन्हा फोन आला. आज हसत नव्हता. साडेदहापर्यंत लाइटचं कारण सांगून थांबवलं, मग उघडावंच लागलं म्हणाला. मी विचारलं, वहिनी काय म्हणाली? तो म्हणाला, पदर कपाळावर वढून घेतला अन् निघाली. आणि मग म्हणाला, आता बघतो तर नुसत्या साड्याच दिसायल्यात, ही काय भानगड?

माझा नियम बरोबर होता. फक्त अर्धा तास उशिरा.

२५ फेब्रुवारी, येवला

जाणं टाळता आलं असतं. पाच दिवस टाळलंच. आज रविवार, बसमध्ये बसून वाक्यं जुळवत आलो. कंपनीचं धोरण असतं, मजकूर माझ्याकडे नसतो, मी फक्त मशीन बघतो. सगळी चांगली वाक्यं होती.

वहिनी दारात आली. कुंकू रोजच्यापेक्षा मोठं. "या भाऊजी. पाय धुवा." दादा मागावर होता. मान वर केली नाही. धोटा इकडून तिकडे जात राहिला.

मी सुरुवात केली, की ऑफिसने हे—

"कडंला जरा लाल राहिलंय," वहिनी म्हणाली.

"काय?"

"फोटोत. डाव्या भुवईच्या वर. घाईत पुसलं व्हय?"

मी म्हणालो, ते ऑफिसच्या लोकांनी सांगितलं म्हणून.

"त्यांनी सांगितलं असंल. पण हात तुमचा हाय. दहावीच्या सुट्टीत तुमच्या चित्रांचा कागद मी बघायची, कडंला रंग राहायचाच तुमचा." ती रागावून बोलत नव्हती. रागावली असती तर मला उत्तर सुचलं असतं. "संक्रांतीला वाण पाठवलं मी. ते तरी दिलं का?"

मी म्हणालो, दिलं. ती म्हणाली, बरं केलं.

दादाने माग थांबवला. मला वाटलं आता शिव्या देईल. त्याने विचारलं, "मग येवल्यात मी जित्ता अन् अमेरिकेत मेलेला, आसं तुझ्या मशीनला कसं कळतं?"

मी सांगितलं. खरं तर हायसं वाटलं, कारण एवढंच मला नीट सांगता येतं. नाव, पत्ता, विचारणारा, त्याच्या वतीने विचारणारा. दादाने सगळं लक्ष देऊन ऐकलं. पदराचा नक्षा समजून घेताना ऐकतो तसं.

"म्हंजी दारात कोण उभाय तेवढं बघायचं. मागं कोण हाय ते नाय बघायचं."

"हो."

"अमेरिकेत मेलो त्याचं मला काय नाय रं," दादा म्हणाला. "तिथं मला कोण वळखतं? पण तुझ्या हापिसात मी शेंगा घिऊन आलो व्हतो ना, त्या दिशीच मेलो. इंटरनेटवर जरा उशिरा आलं, एवढंच."

वहिनीने त्याच्याकडे वळून बघितलं. "कधी? काय झालं हापिसात?"

म्हणजे तिला माहीतच नव्हतं. तीन महिने त्याने ते तिला सांगितलं नव्हतं. घरी येऊन काय सांगितलं असेल? भारत मजेत हाय, खुर्ची मोठी हाय, शेंगा आवडल्या त्याला.

"काय नाय," दादा म्हणाला. "साहेबांना पाणी दे."

बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही निघालं नाही. पाणी प्यायलो. निघताना 'जातो' म्हणून गेलो. वहिनी दर वेळी टोकते, येतो म्हणावं भाऊजी. आज टोकलं नाही.

२६ फेब्रुवारी

सकाळी शेठ यायच्या आत अमेरिकेच्या मशीनमधली गोष्ट काढली. दिवाळीचा मूळ फोटो लावला, न कापलेला. कुंकू, नथ, आणि डाव्या कोपऱ्यात परात धरलेला हात. खाली लिहिलं: मैना कारभारी, येवला. माग नवऱ्याचा. उजेडही त्याचाच. अंबडच्या डब्यातही तेच पान टाकलं. दोन वाटांचा नियम ठेवलाय, तो वेगासाठी लागतो. आता कुठल्याही वाटेने आलात तरी माणसं तीच दिसतील.

हर्षाली आली आणि भडकली. सगळी मेहनत, सगळी गिऱ्हाइकं! नवरा आहे तर आधी का नाही सांगितलंत? मी म्हणालो, ती माझी वहिनी आहे. नवरा माझा सख्खा भाऊ. वडील मास्तर नव्हते, तेही मागावरच होते.

तिचा हात कपाळाकडे गेला. "म्हणजे ते वाण..."

मी म्हणालो, तिचंच.

ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. शेठ मात्र हे सगळं दारातून ऐकत होता. मी त्याला मूर्ख समजत आलोय, त्याचा काही भाग मला आता परत घ्यावा लागणार असं दिसतंय.

"तो शेंगावाला?" शेठ म्हणाला.

"हो."

"त्या दिवशी मी खाली उतरलो तेव्हा जिन्यात भेटला होता मला. म्हणाला, भारतसाहेबांना पित्ताचा त्रास आहे, चहा जरा कमी देत जा. मी म्हटलं, ओळखीचा माणूस एवढं कसं काय जाणतो?" मग तो खुर्चीत टेकला. "आमचे वडील फुलांची पाटी घेऊन बसायचे बाजारात. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी 'फुलांचे प्रसिद्ध व्यापारी' असं छापलं. धंदा फुगवला मी. बाप नाही गाळला."

नोकरी राहिली. घड्या घालायलाही बसवलं नाही. शिक्षा म्हणून त्या अमेरिकेतल्या म्हातारीला खरं कळवायचं काम माझ्या गळ्यात मारलं. दुपारभर बसून लिहिलं. एका बाईचा नवरा जिवंत आहे, याबद्दल मनःपूर्वक माफी मागणारं पत्र जगात आजवर कुणी लिहिलं असेल असं वाटत नाही. चार वेळा फाडलं. पाचव्या वेळी सरळ लिहिलं, की ती विधवा नाही, मी तिचा दीर आहे आणि कुंकू मी पुसलं.

१ मार्च

येवल्याला शेजारच्या पीसीओवर दोनदा निरोप ठेवला. फोन आला नाही. संतोषला विचारलं, दादा पुन्हा आला होता का? नाही म्हणाला. मग म्हणाला, नवं पान मी बघितलंय, हात वळखू आला. याच्याकडून शाबासकी घ्यायची वेळ आली.

५ मार्च

आज दुपारी ऑफिसचा फोन वाजला. हर्षालीने घेतला. मी पलीकडच्या टेबलावर. ती म्हणाली, कोण बोलतंय? नाव? मग रिसीव्हरवर हात ठेवून मला हाक मारली, "भारत, तुमच्यासाठी आहे. नाव सांगत नाहीत. येवल्याचा ओळखीचा बोलतोय म्हणून सांगा, म्हणतात."

खाली लेथ चालू होता, त्यामुळे ओरडूनच बोलावं लागतं. शेठ, हर्षाली, साड्यांच्या घड्या घालणाऱ्या दोन बायका, कुरियरवाला, सगळे होते. मी जागेवरूनच ओरडलो, "ओळखीचा नाही! माझा भाऊ आहे तो. कारभारी. माझा थोरला भाऊ!"

घड्या घालणाऱ्या बायकांनी वर बघितलं. हर्षालीचा रिसीव्हरवरचा हात केव्हाच बाजूला झाला होता. मी जाऊन तिच्याकडून फोन घेतला. पलीकडून दादाचा खोकला ऐकू येत होता. मी म्हटलं, "दादा?"

"आलं ऐकू," दादा म्हणाला. मग खोकला आवरून, "शेंगा लागल्यात परत. ह्या वेळी शिजवून आणू का?"